निडीला उतरणारे नाना

सुरुवातीलाच माफी मागते. आमच्या घरात सहीच्या पलीकडे कुणी कधी काही लिहिलेलं नाही. आई-वडील मिठागरावर काम करतात आणि कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मराठीच्या बाईंनी सांगितलं, लक्षात राहिलेल्या एका माणसावर लिहा. वर्गातल्या बाकीच्यांनी मोठी मोठी माणसं निवडली. मी तीन वेळा कागद पुढे घेतला आणि तिन्ही वेळा जनूनानाच समोर आले. ते माझे नात्यातले नव्हते, फक्त शेजारी. त्यांच्यावर लिहायचा हक्क खरं तर त्यांच्या मुलाचा, म्हणून रोह्याला विजयदादाला फोन केला. तो म्हणाला, "लिही. पण त्यांना फार मोठं करू नको. होते तेवढेच ठेव."

मागच्या वर्षी नाना गेले. होते तेवढेच ठेवायचा प्रयत्न करते.

एकाहत्तरच्या लढाईत नाना रणगाड्याचे ड्रायव्हर होते. गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नाना स्वतः मात्र 'रणगाडा' म्हणत नसत, 'माझी गाडी' म्हणत. फौजेतून आल्यावर त्यांनी धरमतरच्या धक्क्यावर ट्रक चालवला, नंतर स्वतःचा टेम्पो घेतला. तोही 'माझी गाडी'च. "माझी गाडी नदीतून पलीकडं नेली" असं त्यांनी म्हटलं की नवा माणूस अंगणातल्या टेम्पोकडे संशयानं बघायचा.

गाडी सुरू करण्याआधी ते तिच्याभोवती एक फेरी मारत. खाली वाकून चाकं बघत. मग उजव्या पायाची टाच जमिनीत दाबून बघत, जसं आई भाताचं शीत दाबून बघते. डांबरी रस्त्यावरसुद्धा! पेणच्या बाजारात लोक हसायचे. नानांच्या पत्नी पार्वतीकाकी पिशव्या घेऊन उन्हात उभ्या असायच्या आणि ओरडायच्या, "अवो, डांबर हाय ते! त्यात काय बुडतंय?"

नाना शांतपणे म्हणायचे, "सवय हाय गो."

त्यांना ऐकू कमी यायचं. इंजिनाच्या आवाजानं कान गेले, असं ते सांगत. काकींनी त्यावर आपली युक्ती काढली होती. नाना पुढे चालायचे, काकी मागून. वळायचं असलं की काकी त्या बाजूच्या खांद्यावर बोटांनी टकटक करायच्या. पाठीवर थाप म्हणजे थांबा. दोघं बाजारात चालले की मला फार छान वाटायचं, का ते तेव्हा कळत नव्हतं.

घरातल्या प्रत्येक हलणाऱ्या वस्तूला नाना तेल किंवा ग्रीस लावत. दाराच्या बिजागऱ्या, रहाटाची कप्पी, काकींचं शिवणयंत्र. आमच्या घराच्या फाटकालासुद्धा. काकींचे गुडघे दुखू लागले तेव्हा रोज संध्याकाळी पडवीत बसून ते खोबरेल तेल कोमट करायचे आणि त्यांचे पाय मांडीवर घेऊन चोळायचे. कुणी आलं तरी उठायचे नाहीत. "बसा. हिचं ग्रीसिंग चाललंय." काकी लाजून पाय ओढू बघायच्या, पण नानांची पकड मजबूत होती.

गावातली मुलं त्यांना एकच प्रश्न विचारायची. "नाना, किती माणसं मारलीत?"

"मना काय दिसतंय रे? ड्रायव्हरला एवढीशी फट असते." ते दोन बोटांत फट दाखवत. "तिच्यातनं समोरचा चिखल दिसतो. मी फक्त चिखल मारला."

मग त्यांच्या गोष्टी सुरू व्हायच्या. त्यांची गाडी हलकी होती, पाण्यावर तरंगायची. मुलांना ते खोटं वाटायचं. "लोखंडाची गाडी तरंगते कशी?" "खाडीत बार्ज तरंगतो तो काय थर्माकोलचा हाय?" बंगालच्या बाजूला नद्याच नद्या होत्या. गाडीत तिघं जण. वरती साहेब, त्यांच्या बाजूला तोफ चालवणारा भंवरसिंग आणि खाली पुढे नाना. साहेब कानातल्या फोनवरून रस्ता सांगायचे. एकदा तो फोन बंद पडला. तेव्हा साहेबांनी नानांच्या दोन्ही दंडांना सुतळी बांधली आणि टोकं आपल्या हातात धरली. डावी ओढली की डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे, दोन्ही ओढल्या की थांब.

"म्हणजे मी बैल आन् साहेब गाडीवान," नाना सांगत. "आन् तिथं डास एवढाले. साहेबांच्या मानेवर बसला डास, साहेबांनी हाणला हात, मना डावीकडं हिसका! मी वळलो. समोर कोणा गरिबाची केळीची बाग. आख्खी बाग डोक्यावर घेऊन भायेर पडलो. भंवरसिंग वरून केळी सोलतोय आन् साहेब शिव्या देतायत, मना की डासाला ते काय कळंना!"

मुलं लोळायची. विजयदादा लहान असताना असाच लोळायचा, असं काकी सांगायच्या. त्याला प्रत्येक गोष्ट पाठ होती. तो खाटेच्या खाली शिरून रणगाडा चालवायचा आणि दुसऱ्या पोरांना आपल्या दंडाला सुतळी बांधायला लावायचा.

मला कळायला लागलं तेव्हापासून मात्र मी वेगळाच विजयदादा पाहिला. रोह्याच्या कंपनीत कामाला, शिफ्टची ड्युटी, पोट थोडं सुटलेलं. गणपतीला दीड दिवस यायचा. काकींशी बोलायचा, माझ्या वडिलांशी बोलायचा. नानांशी मात्र "आलो" आणि "येतो" एवढंच. भांडण नव्हतं. कधी आवाज चढलेला मी ऐकला नाही. झेंडावंदनाला शाळा दरवर्षी नानांना बोलवायची. त्या दिवशी सुट्टी असली तरी तो आला नाही. नाना त्याच्या मोटरसायकलभोवती फेरी मारायचे, अंगठ्यानं टायरची हवा बघायचे, कमी वाटली तर पंप घेऊन भरायचे. तो निघाला की वळणापर्यंत बघत उभे राहायचे.

नाना जमिनीच्या बाबतीत किती पक्के होते, ते आमच्या खारेपाटानं, म्हणजे खाडीकाठच्या गावांनी, एकदा पाहिलं. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटून खाडीचं पाणी भातशेतात शिरू लागलं. आमच्याकडे खांड गेली की घरटी एक माणूस घमेलं घेऊन बांधावर जातो, मग शेत कुणाचंही असो. त्या वेळी कुणीतरी माती ओढायला जेसीबीही बोलावला. ड्रायव्हर कोवळा पोरगा होता. तो बांधावरून निघाला, तर नाना समोर उभे. टाच दाबत म्हणाले, "पुढं नको. वरून सुकलाय, खाली गाळ हाय."

"आजोबा, आठ टनाची मशीन चालवतो मी. बाजूला व्हा."

नाना बाजूला झाले. पंधरा पावलांवर जेसीबी एका अंगाला बसला. सगळे ओरडायला लागले. नाना ओरडले नाहीत. चाकांखाली नारळाचे ओंडके कसे घालायचे ते त्यांनी दाखवलं आणि त्या पोराला हाताच्या खुणा करत तासाभरात मशीन बाहेर काढलं. पोरगा खाली उतरून पाया पडायला लागला, तर नाना म्हणाले, "चूक मशीनची नाय, तुझी बी नाय. दिसत नाय ना रे वरून."

माझं स्वतःचं एकच सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. बारावीनंतर रोह्याच्या कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं. फी आणि रोजचा प्रवास याला वडील घाबरले होते, आणि मुलगी एकटी जाणार यालाही. "पुढच्या वर्षी बघू," ते म्हणाले. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सकाळी नाना टेम्पो घेऊन दारात आले. फेरी मारली, टाच दाबली आणि वडिलांना म्हणाले, "बस गाडीत. पोरीला बी घे."

"नाना, आमचं ठरलंय."

"बोलावणं आलंय तिला. बोलावणं आलेल्या माणसाला अडवू नये." त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता, जवळजवळ रडवेला. वडील मुकाट्यानं बसले. मला वाटलं, नाना माझ्यासाठी एवढे हळवे झालेत.

मग मी रोज पेणहून सकाळच्या गाडीनं रोह्याला जाऊ लागले. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात एके दिवशी नाना पेण स्टेशनवर दिसले. इस्त्रीचा सदरा, हातात काकींनी दिलेली वालाच्या शेंगांची पिशवी.

"विजयकडं चाललोय," ते म्हणाले. मला आनंद झाला. नाना त्या घरी गेल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. गाडीत ते माझ्याशेजारी बसले. नागोठण्यापर्यंत बोलत होते, नंतर पिशवीची गाठ सोडत-बांधत बसले. निडी आलं तसे उठले.

"नाना, रोहा पुढचं!"

"इथं एक जुना दोस्त हाय. त्याला भेटून जातो," म्हणाले आणि उतरले.

पुढच्या आठवड्यात परत तेच. तोच सदरा, पिशवीत या वेळी सुकट. निडी आलं आणि नाना उतरले. त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं मी परत येत होते. निडीला गाडी थांबली तर नाना फलाटावरच्या बाकावर बसलेले. सकाळी ठेवली असेल तशीच पिशवी बाजूला. मी खिडकीतून हाक मारली. त्यांना ऐकू जाईना, म्हणून उतरून त्यांचा हात धरला आणि डब्यात घेतलं.

"दोस्त भेटला?" मी कानाशी विचारलं.

"हितं कोण दोस्त हाय माझा?" ते म्हणाले.

डब्यात गर्दी नव्हती. बऱ्याच वेळानं त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात एक पिवळं पडलेलं पाकीट होतं. "माझे डोळे आता नाय पोचत. तूच वाच. बरोबर लिवलंय का, ते बघ."

मी वाचलं. विजय जनार्दन, अमुक गाव, तालुका पेण. आपली सैन्यात निवड झाली आहे. अमुक तारखेला हजर व्हावे. तारीख मी जन्मायच्या कितीतरी आधीची होती.

"पोस्टमन बांधावर भेटला मना. इजय तेव्हा एकोणीस वर्षांचा. पळण्यात पयला आलेला, लेखी दिलेली, डाक्टरी झालेली. रोज पोस्टमनची वाट बघायचा." नाना खिडकीबाहेर बघत बोलत होते. ऐकू कमी येणारी माणसं मोठ्यानं बोलतात. नाना त्या दिवशी इतकं हळू बोलले की मलाच वाकून ऐकावं लागलं. "मी पाकीट खिशात टाकलं. म्हटलं, उद्या देतो. मग परवा देतो. मग तारीख गेली. त्यानं इचारलं, 'बाबा, आलं काय काय?' म्हटलं, नाय बा. नसंल झालं."

"का पण, नाना?"

तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी मुलांना कधी सांगितली नव्हती. केळीच्या बागेनंतर सहाव्या दिवशी त्यांच्या गाडीला गोळा लागला. ड्रायव्हरचं झाकण पुढं असतं, नाना बाहेर पडले. साहेबांना दुसऱ्यांनी वरून ओढून काढलं. भंवरसिंग आत राहिला. गाडी पेटली.

"मी सगळ्यांना सांगतो, इंजिनानं कान गेले. नंतर गेले ते. त्या दिवशी चांगले हुते. तो मना नावानं हाका मारीत हुता." कासू स्टेशन आलं, दोन बाया चढल्या, गाडी सुटली. मग म्हणाले, "हे मी पोराला कधी सांगितलं नाय. डास सांगितला, केळी सांगितली, सुतळी सांगितली. पोरगं हसायचं. आन् हसत हसतच भरतीला गेलं. चूक माझी. अर्धी गोष्ट सांगितली मी. मग पुरी सांगायच्या ऐवजी पाकीट लपवलं."

मी विचारलं, "काकींना माहीत आहे?"

"कुणालाच नाय. त्याला सांगितल्याबिगर मरायचं नाय, असं ठरवलंय. पण तो म्हणंल, माझं आख्खं आयुष्य घेतलंस. आन् ते खरंच हाय. मग तो येतो, तेवढा दीड दिवस बी येणार नाय. निडी आलं की उतरूनच जातो बघ."

तिसऱ्या वेळी आम्ही बरोबरच निघालो. या वेळी त्यांनी आधी विजयदादाला फोन करायला लावला. मीच बोलले, "नाना येतायत, स्टेशनवर ये." तो म्हणाला, "रात्रपाळी संपवून येतो. बरं नाय काय त्यांना?"

नागोठणं गेलं. नाना खिडकीचा गज घट्ट धरून बसले. निडी आलं. गाडी थांबली. नाना उठले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, मला भीती वाटत होती. गाडी सुटल्यावर बघितलं, तर ते उभेच होते, वरचा दांडा धरून. रोह्यापर्यंत तसेच उभे राहिले.

विजयदादा फलाटावर होता. कंपनीचा निळा शर्ट, डोळे जागरणानं लाल. "काय झालं, बाबा?" म्हणत पिशवी घ्यायला पुढे आला. नाना मला म्हणाले, "तू जा कालेजला." मी पुढे गेले, पण चार पावलांवर पुलाच्या पायऱ्यांपाशी थांबले. चूक असेल, पण थांबले.

नानांनी पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. काही बोलले की नाही, ते मला कळलं नाही. त्याच्याकडे चष्मा नव्हता. त्यानं कागद हात लांब करून धरला आणि वाचला. परत वाचला. मग बाकावर बसला. नाना समोर उभे, दोन्ही हात सरळ खाली, साहेबासमोर शिपाई उभा असतो तसे.

"हे कधी आलं?"

नानांनी सांगितलं. ते मोठ्यानं बोलत होते, आजूबाजूचे वळून बघत होते, पण त्यांना भान नव्हतं. बांध, पोस्टमन, खिसा, सगळं सांगितलं. भंवरसिंगही सांगितला. शेवटी म्हणाले, "आता मार मना, काय करायचं ते कर."

विजयदादाचं लक्ष कागदातच होतं. त्याचा चेहरा मला नीट दिसत होता. मी रागाची वाट बघत होते. बहुतेक नानाही.

"तीस वर्षं," तो म्हणाला, "तीस वर्षं मना वाटतंय मी नापास झालो. लढाई केलेल्या माणसाचा पोरगा आन् भरतीत नापास. तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटायची, बाबा."

नानांना ते ऐकू गेलं नाही. ते कानाला हात लावून पुढे वाकले. "काय म्हणतोस?"

तो त्यांच्या कानाशी गेला नाही. त्यानं खिशातून फोन काढला, घरी लावला. वहिनीनं उचलला असणार. नाना त्याच्या ओठांकडे बघत उभे होते, आणि विजयदादा रोह्याच्या फलाटावर, पन्नाशीच्या वयात, एकोणीस वर्षांच्या पोरासारखा फोनमध्ये ओरडत होता, "अगो, ऐकलंस काय? मी पास झालतो! मी पास झालतो गो!"